कार्डाआधी अर्थिंग: वास्कोकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

वास्कोकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी भाचीसाठी जुळवलेल्या पीसीचं बिल दिलं होतं. प्रोग्रॅमिंग आणि गेमिंग दोन्हीसाठी, मॉनिटर सोडून ७७,५०० रुपये. तुमचं म्हणणं असं की, एसएमपीएस (पीसीच्या आत वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएस (लाईट गेल्यावर पीसी चालू ठेवणारी बॅटरी) मिळून ११,००० रुपये मी पाण्यात घातले, ३२ जीबी रॅम उगाच घेतली, आणि हे पैसे वाचवले असते तर आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्डाच्या जागी वरचं ४०६० टीआय आरामात बसलं असतं. प्रोसेसरही तुम्ही माझ्या रायझन ५ ५६०० ऐवजी ५५०० सुचवलात, स्वस्त म्हणून. त्याचा एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) आता जुना झाला, असंही लिहिलंत. आणि शेवटी लिहिलंत, "सगळे लोक ग्राफिक्स कार्डापासून बजेट लावतात, तुम्ही प्लगपासून लावता."

बरोबर ओळखलंत. मी प्लगपासूनच लावतो, आणि का ते आज सविस्तर सांगतो. मागच्या लेखात ते दोन ओळींत उरकलं, ती चूक माझी.

भाची गोव्यात फर्मागुडीला इंजिनीयरिंग करते, राहते बांदोड्याला, जुन्या चिरेबंदी घरात. पीसी जुळवून झाला, विंडोज चढवलं, आणि ती कॅबिनेटच्या मागे हेडफोनची पिन लावायला गेली. अनवाणी होती, खाली लादी. हात झटकन मागे घेऊन म्हणाली, "मामा, ह्याला करंट आहे." मी बोट लावून पाहिलं. स्क्रूच्या डोक्याशी बारीक झिणझिण्या येत होत्या. टेस्टर लावला तर मंद पेटला. मग मल्टिमीटर आणला, एक टोक कॅबिनेटच्या पत्र्याला आणि दुसरं मागच्या नळाच्या लोखंडी पाइपला लावलं. १०८ व्होल्ट.

पीसी नवाकोरा, एसएमपीएस चांगला, आणि पत्र्यावर १०८ व्होल्ट. असं झालं की लोक एसएमपीएस खराब म्हणून दुकानात परत नेतात. पण यात त्याचा दोष नसतो. एसएमपीएसच्या तोंडाशीच एक फिल्टर असतो. त्यात फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला, म्हणजे अर्थला, जोडलेले असतात. अर्थिंग धड असेल तर त्यांतून येणारा किंचितसा करंट जमिनीत जातो, आपल्याला कळतही नाही. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्रा फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध लटकत राहतो. २३० च्या निम्मे म्हणजे ११५ च्या आसपास. एवढ्याशा करंटनं माणूस मरत नाही. पण पीसी चालू असताना एचडीएमआयची केबल काढा-घाला केली की पोर्ट उडण्याचं हे एक ओळखीचं कारण आहे. आणि उद्या आत खरोखरच फेजची वायर पत्र्याला टेकली, तर त्या करंटला जमिनीत जायला वाटच नाही.

वायरमनला बोलावलं. घराच्या मागे माडाच्या बुंध्याशी अर्थिंगचा खड्डा होता, मातीनं बुजलेला. उकरला तर जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपवरचा क्लॅम्प गंजून हातात आला. तार नुसती मातीत पडली होती, कुणास ठाऊक किती पावसाळे. नवा पाइप, कोळसा, मीठ, नवी तार, मजुरीसकट २,८०० रुपये झाले. त्यानंतर बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजलं, दीड व्होल्ट. पत्र्यावर शून्य. वायरमननं जाताना भाचीला बजावलं की एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं. आपली जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही, उन्हाळ्यात ती कोरडी पडते, आणि कोरड्या मातीत अर्थिंगचा जोर कमी होतो.

हे २,८०० रुपये बिलात नव्हते. मी ते धरायला हवे होते. म्हणजे तुमच्या हिशेबानं मी आणखी तेवढे पाण्यात घातले असते!

आता एसएमपीएस. तुम्ही म्हणता, १,५०० रुपयांत ४५० वॉटचा मिळतो आणि हा पीसी तर २५० वॉटच्या आत चालतो, मग ४,८०० कशाला? पुढच्या वेळी दुकानात गेलात की त्या १,५०० वाल्याचं लेबल वाचा. वरची मोठी अक्षरं नाही, खालचा तक्ता. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती ॲम्पिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही त्या १२ व्होल्टवरच चालतात. माझ्याकडे एक जुना एसएमपीएस पडून आहे, वर ४५० वॉट छापलंय, आणि १२ व्होल्टला १६ ॲम्पिअर. गुणाकार करा, १९२ वॉट. भाचीच्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ४५ ॲम्पिअर आहेत, म्हणजे ५४० वॉट. फरक इथे आहे. त्याच तक्त्यात इनपुटही वाचा. आपल्याकडे विकले जाणारे काही एसएमपीएस फक्त २०० ते २४० व्होल्टचे असतात. संध्याकाळी ज्यांच्या घरी व्होल्टेज १८० वर येतं, त्यांनी १०० ते २४० लिहिलेलाच घ्यावा.

तो जुना १९२ वॉटवाला माझ्याकडे का पडून आहे, तेही सांगतो. २०१९ च्या जूनमध्ये, पहिल्याच मोठ्या पावसात, समोरच्या माडाची झावळ तारेवर पडली. लाईट गेली, आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. दुसऱ्या वेळी फट् आवाज झाला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला तो गेला, जाताना मदरबोर्ड आणि हार्डडिस्क घेऊन गेला. डिस्कवर आमच्या आईच्या शेवटच्या चवथीचे (गणेश चतुर्थीचे) फोटो होते. मी बॅकअप घेतला नव्हता. तेव्हापासून कुणीही मला पीसी जुळवून द्यायला सांगितलं, की हा भाग मी आधी ठरवतो, आणि त्यात एक रुपया कमी करायला तयार होत नाही.

"घरी इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला," हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, बरेच जण विचारतात. लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर पूर्ण लोडला साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, चांगला असेल तर. यूपीएस १० मिलिसेकंदांच्या आत बॅटरीवर जातो, म्हणून पीसीला पत्ताही लागत नाही. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये त्याहून जास्त वेळ घेतो. पंखा आणि दिव्याला काही वाटत नाही, पीसी मात्र रीस्टार्ट होतो. तुमच्या इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचा स्विच असेल, आणि तो प्युअर साइनवेव्हचा (लाईटीसारखीच सलग लाटेची वीज देणारा) असेल, तर स्विच फिरवून पंधरा दिवस पाहा. पीसी एकदाही बंद पडला नाही तर यूपीएसचे ६,२०० खुशाल वाचवा. हे मी मागच्या लेखात लिहायला हवं होतं. बांदोड्याच्या घरी इन्व्हर्टर नाही, म्हणून तिला १००० व्हीएचा यूपीएस घेतला. त्यातून ६०० वॉट मिळतात, पीसी आणि मॉनिटर धरून पुरून उरतात. पंधरा-वीस मिनिटं मिळतात, काम सेव्ह करून पीसी बंद करायला ती पुष्कळ झाली.

रॅमबद्दल मी मागे हटणार नाही. नुसतं गेमिंग असतं तर १६ जीबीला माझी हरकत नव्हती. पण ती अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) उघडते, एमुलेटर (पीसीवर चालणारा नकली फोन) चालू करते, शेजारी क्रोममध्ये वीस टॅब, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी डॉकर. हे डॉकर ज्यावर चालतं ते डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स, काही बदललं नाही तर एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. १६ मधली ८ तिथेच अडकू शकते. ३२ टाकल्यावर मी तिच्या कामाच्या वेळी टास्क मॅनेजर बघितला, २१ जीबी वापरात होती. १६ असती तर उरलेलं सगळं एसएसडीवर ढकललं गेलं असतं आणि बिल्ड होताना माऊससुद्धा अडखळला असता. १६ च्या दोन कांड्या घेतल्यात, दोन चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटा, मिळाव्यात म्हणून.

रायझन ५ ५५०० मात्र घेऊ नका, तुम्ही स्वतःसाठीही नाही. नावात शंभराचाच फरक दिसतो. पण ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, ५५०० मध्ये १६. शिवाय ५५०० पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्डामधला रस्ता) ३.० वर थांबतो. ४०६० असो की ४०६० टीआय, दोन्ही कार्डं आठच लेन वापरतात. ४.० वर आठ लेन पुरतात, ३.० वर त्याच लेनचा वेग निम्मा होतो, आणि कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की तो फरक जाणवू लागतो. म्हणजे तुमच्या यादीत महागडं कार्ड आणि त्याचाच रस्ता अरुंद करणारा प्रोसेसर, असं जोडपं झालंय.

४०६० टीआय वेगवान आहे, ते मी नाकारत नाही. तुमच्या बजेटमधल्या आवृत्तीत मेमरी मात्र तेवढीच, ८ जीबी. भाचीचा मॉनिटर १०८० पी, खेळते मुख्यतः व्हॅलोरंट हा गेम. तिला ११५ वॉटमध्ये चालणारं ४०६० पुरेसं आहे.

एएम४ वर तुम्ही जे लिहिलंत ते मात्र मला पटलं. २०१७ मध्ये रायझनबरोबर सर्वांच्या हाती आलेला सॉकेट, त्यात आता प्रोसेसरची पुढची पिढी येणार नाही. रायझन बनवणाऱ्या एएमडीनं नव्या एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही साथ देण्याचं जाहीर केलंय. ज्याचं बजेट ताणता येत असेल, त्यानं एएम५ चा रायझन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम घ्यावी. ७६०० मध्ये साधं ग्राफिक्सही प्रोसेसरमध्येच येतं, कार्ड वॉरंटीला गेलं तरी पीसी चालू राहतो. गोव्यात हे लहानसहान नाही. माझा एक मदरबोर्ड वॉरंटीत मुंबईला जाऊन २३ दिवसांनी परत आला होता.

आणि तुम्ही वास्कोचे, म्हणून एक खास तुमच्यासाठी. समुद्र जवळ असेल तर कॅबिनेट खिडकीला लावून ठेवू नका. खारी हवा आधी स्क्रू आणि कार्डाच्या पट्टीवर गंज धरते, मग तांब्यावर हिरवट थर येतो. चालू पीसी उबदार असतो, त्यावर ओल बसत नाही. बंद पडून राहिलेला लवकर खराब होतो. पावसाळ्यात गावी गेलात तर घरच्या कुणाला तरी सांगा, दोन दिवसांआड तासभर चालू करायला.

आता एक काम करा. तुमच्या वायरमनकडून पीसीच्या बोर्डावरचं न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, रात्री आठच्या सुमाराला, सगळ्यांचे एसी चालू असताना. फेज-न्यूट्रलचा आकडाही घ्या. दोन्ही आकडे इथेच खाली लिहा. ते बघून तुमची यादी आपण दोघं मिळून पुन्हा लावू, आणि जागा उरली तर ४०६० टीआय मीच बसवून देईन.