दुधीचा बाप कोण?

काल रात्री काकांनी मला एक दुधी दिला. नुसता दिला असता तर काही नव्हतं, "घे गं, तुला काही येत नाहीये ना" असं म्हणून दिला. तो दुधी आत्ता ओट्यावर पडलाय आणि मी त्याच्याकडे पाठ करून हे टाइप करतेय.

गच्चीत माझा दुधीचा वेल आहे. मोठा ड्रम, खाली भोकं पाडलेला, माती गांडूळखत कोकोपीट सगळं मापात, सहा तास ऊन घड्याळ लावून तपासलेलं. मांडवभर पसरलाय नुसता. फुलं तर विचारूच नका, पण सगळी नर. ओळखायचं सोपं आहे, मादीफुलाच्या मागे करंगळीएवढा लवदार दुधी आधीपासून चिकटलेला असतो, आणि नरफूल नुसतं लांब दांड्यावर टेंभा मिरवत उभं. आधी नरफुलंच येतात, मादीफुलं मागाहून, हे मला माहीत होतं. नत्र जास्त झालं की नुसता पाला माजतो हेही माहीत होतं, फक्त ते शेणखताची दुसरी घमेली ओतून झाल्यावर आठवलं.

मग थ्री जी कटिंग केलं. नाव मोबाईलच्या नेटवर्कचं आहे पण काम कात्रीचं, मुख्य वेलाचा शेंडा खुडायचा, मग त्याला फुटलेल्या फांद्यांचे शेंडे खुडायचे, आणि मग तिसऱ्या पिढीच्या फांद्यांना म्हणे मादीफुलं जास्त येतात. आली. तीन. तिन्हींचे दुधी बोटभर होऊन पिवळे पडले आणि गळाले, कारण परागीकरणच झालं नाही.

आता लाल भोपळ्याची फुलं कशी, पहाटे उमलतात, माणसाने चहाचा कप घेऊन जावं आणि काम उरकावं. दुधीची उमलतात तिन्हीसांजेला. म्हणून काल मी अंधारात, तोंडात टॉर्च धरून, एक नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या सोलून, तो आतला पिवळा दांडा चौथ्या मादीफुलावर हलक्या हाताने फिरवत होते. श्वास रोखून. आणि मागून आवाज आला.

"कोण आहे तिकडे?"

तोंडात टॉर्च असताना "मी आहे काका" म्हणता येत नाही, करून बघा कधीतरी.

"अगं तू होय! मला वाटलं चोर. काय करतेयस?"

"परागीकरण."

काका जवळ आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. फुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या सोललेल्या नरफुलाकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"म्हणजे लग्न लावतेयस."

"तसंच काहीतरी."

"मग मधमाश्या काय करतात?"

"दुधीला रात्रीचे पतंग लागतात, काका."

"मग पतंग कुठेयत?"

जसं काही मीच त्यांना रजा दिली होती. मी म्हटलं येत नाहीत हो. तर म्हणतात, "आमच्याकडे येतात." आणि कठड्यावरून खाली वाकून, अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात, "अगं ए, ऐकलंस का, ही दुधीचं लग्न लावतेय!" खालून काकूंचा आवाज, "मग आम्हाला आमंत्रण नाही वाटतं?"

आता काकांच्या वेलाबद्दल. फुटकी बादली. त्यात कधीतरी कुठल्यातरी जून दुधीचं बी पडलं. खत नाही, कटिंग नाही, पाणी म्हणजे रात्री उशाशी ठेवलेल्या तांब्यात उरेल तेवढं. तो वेल त्यांच्या बाल्कनीतून चढून आमच्या गच्चीच्या कठड्यावर आलाय, माझ्या मांडवापासून जेमतेम तीन हातांवर, आणि काल टॉर्चच्या उजेडात मी मोजले, चार दुधी लटकतायत. त्यातलाच एक काकांनी पिरगाळून तोडला, कात्रीसुद्धा नाही, आणि मला दिला.

मी रात्रभर विचार करत होते. माझ्याकडे रोज वीसेक नरफुलं. काकांच्या वेलावर दोन-तीन, तीही मरतुकडी. पतंग कुठून कुठे गेले असतील? सांगा ना. पराग माझा, खत माझं, आणि नाव बादलीचं. सिद्ध करता येत नाही, एवढंच.

आणि हे दुधीपुरतं नाहीये हो. उन्हाळ्यात सुरुवात केली तेव्हा धने रगडून, दोन फाकी करून पेरले, दहा दिवस रिकाम्या कुंडीकडे बघत बसले, उगवली, आणि जुडीभर व्हायच्या आत उन्हाने तुऱ्यावर गेली. टोमॅटोची फुलं पारा ३५ च्या वर गेल्यावर पटापट गळाली. पावसाळ्यात कुंडीची भोकं बुजली आणि मिरचीची मुळं कुजली. वर मावा, म्हणजे रोपाचा रस शोषणारी बारीक कीड. मुंग्या त्या माव्याच्या अंगातून निघणाऱ्या गोड चिकट रसासाठी त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात, म्हणजे माझ्या मिरचीवर मुंग्यांनी चक्क गोठा टाकला होता. लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, थोडा साबण, फवारा मारून मारून माझा अंगठा दुखावला. हिवाळ्यात मेथी तेवढी आली, चौथ्या दिवशी कोंब वर, मी फोटो काढून सगळ्यांना पाठवले, तर काका म्हणाले "मेथी काय, कुणाचीही उगवते."

खरं सांगू का, दुधी न येण्याचं एवढं वाईट वाटत नाही. "सोपं असतं गं, नुसतं बी टाकायचं" हे वाक्य डोक्यात जातं. ज्यांचं नुसतं टाकून उगवतं ना, त्यांनी सल्ला देऊच नये, त्यांना स्वतःलाच माहीत नसतं का उगवलं ते.

म्हटलं निदान ह्या दुधीचं बी धरू, बादलीचा गुण येईल थोडा. आत्ता उठून नख लावून बघितलं. लोण्यात रुतावं तसं रुतलं. कोवळा लुसलुशीत, आतलं बी तयारच नाही, उगवणार काय डोंबल.