वाळवलेल्या संत्र्यात ‘दसपट व्हिटॅमिन सी’ येतं कुठून?

एक संदेश सध्या जोरात फिरतोय: संत्र्या-लिंबाच्या चकत्या सालीसकट कापा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा, बरणीत भरा. व्हिटॅमिन सी दसपट होतं, साखर निघून जाते, वर्षभर बिनघोर. चकत्या जरूर वाळवा. चहात, सरबतात वास सुरेख उतरतो. पण हे दावे?

‘दसपट व्हिटॅमिन सी.’ १०० ग्रॅम संत्र्यात सुमारे ८७ ग्रॅम पाणीच असतं. ते गेलं की वजन घटतं आणि ग्रॅममागचा आकडा फुगतो, एवढीच ती जादू. मुळात उष्णता, हवा आणि प्रकाश या तिन्हींनी व्हिटॅमिन सी नष्ट होतं, आणि उन्हात तिन्ही एकदम मिळतात. म्हणजे अख्ख्या फळाच्या हिशेबाने ते घटतंच.

‘साखर निघून जाते.’ उडतं ते पाणी. साखर जागेवरच राहते. ताजी तीन संत्री खाताना पोट भरतं, वाळलेली तीन गप्पा मारता मारता संपतात.

‘दोन दिवस कडक ऊन.’ हवा कोरडी असेल आणि चकत्या अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास असतील तर जमेलही. दमट हवेत मात्र वाळण्याआधी बुरशी येते. मग कुणीतरी सुचवतं, ओव्हन १५० अंशांवर लावा. नको! वरचा थर कडक होतो, ओल आत अडकते, कडा करपतात. ६० अंशांच्या आसपास, वेळ लागला तरी चालेल.

‘साल सगळ्यात पौष्टिक.’ विकतच्या फळांवर बऱ्याचदा मेण आणि बुरशीनाशक असतं, ते नुसत्या पाण्याने पूर्ण जात नाही. शिवाय सालीखालचा पांढरा थर कडू. साल जाड असेल तर सोललेलं बरं.

‘वर्षभर बिनघोर.’ सगळ्यात महागात पडणारा दावा हा. गरम चकत्या लगेच बंद केल्या की आत दव धरतं. आधी पूर्ण गार होऊ द्या, मग एक मोडून पाहा: कट्कन तुटली पाहिजे, गर बोटाला चिकटता कामा नये. बरणी गच्च न भरता आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून ओल दिसली तर सगळ्या पुन्हा वाळत घाला. ‘आंबट फळाला बुरशी लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी टोपलीतलं विसरलेलं लिंबू आठवावं. एका चकतीवर जरी बुरशी दिसली, तरी तेवढीच काढून भागत नाही, अख्खी बरणी टाकावी लागते.