भरतीला पैसे आहेत, गाडीभाड्याचं काय?

खेड्यापाड्यांतल्या व्यसनमुक्तीसाठी निधी आला की आधी इमारत उभी राहते. खाटा, फलक, उद्घाटन. खाटा लागतातच, त्याबद्दल वाद नाही. रोज पिणाऱ्याने दारू एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे 48 ते 96 तासांच्या सुमाराला काहींना भ्रम होतो. नात्यातल्या एकाचा तिसरा दिवस मी जवळून पाहिलाय. पेला ओठापर्यंत नेईतो निम्मं पाणी शर्टावर, आणि डोळे भिंतीवर. म्हणे मुंग्या चढतायत, पुसा. अशा माणसाला "मन घट्ट कर" म्हणत घरी बसवणं म्हणजे जिवाशी खेळ.

तो त्यातून निभावला. घोडं अडलं नंतर. डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ होती: दर पंधरा दिवसांनी दाखवणे. केंद्र दोन गाड्या बदलून. एक खाडा त्याचा, एक सोबत जाणाऱ्या बायकोचा. दोन खेपा झाल्या, तिसरी राहिली. चौथ्या महिन्यात पुन्हा प्यायला. लोक म्हणाले, एवढा खर्च पाण्यात गेला.

मधुमेह्याची साखर वाढली तर असं कोणी म्हणतं का? डॉक्टर गोळी बदलतात. हाही तसाच उलटणारा आजार. ओढ कमी करायला मदत करणारी औषधं आहेत; नालट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. लिव्हर-किडनीच्या तपासण्या बघून ती द्यायला जवळच्या दवाखान्यातला साधा डॉक्टरही शिकून तयार होऊ शकतो. शिवाय बीपीच्या रांगेत उभा राहिलेला माणूस कशासाठी आलाय ते कुणाला कळत नाही. गावात 'व्यसनमुक्ती' लिहिलेल्या दारातून दिवसाउजेडी कोण आत जाईल?

मला विचाराल तर पैसा आधी गाडीभाड्याला द्या, आणि प्रकल्प संपला तरी ज्याची नोकरी टिकेल अशा समुपदेशकाच्या पगाराला. तो बदलला की पेशंट नव्या माणसापुढे सगळं पहिल्यापासून सांगत बसत नाही, यायचंच बंद करतो. (दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट असलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग 1935 पासून एका खोलीवर आणि चहावर चालत आली आहे. ती खोली तरी द्या.)

आणि निधी देणाऱ्यांनी "किती भरती झाले?" एवढंच विचारू नये. वर्षभराने किती जण संपर्कात आहेत, ते विचारावं. आमचा माणूस त्यांच्या अहवालात अजूनही 'उपचार पूर्ण' याच रकान्यात असणार.