लोको शेडचं म्युझियम करताय? आधी छत बुजवा

गावाबाहेरच्या पडक्या लोको शेडचं, म्हणजे रेल्वेची इंजिनं ठेवायच्या जुन्या शेडचं, म्युझियम व्हावं, असं तुमच्या मनात आलं ना? उत्तम. एकच पथ्य पाळा: ही इमारत चालायची कशी, हे कुणाला विचारू नका. टपरीवर चहा पीत बसलेल्या, एकेकाळी इंजिनात कोळसा टाकणाऱ्या रिटायर फायरमनकाकांना तर मुळीच नाही. ते बोलायला लागले की अंदाजपत्रक बिघडतं.

सुरुवात छतापासून. माथ्यावर उंचवटा करून ठेवलेल्या फटी दिसतील. इंजिनाचा धूर तिथून निघून जायचा. आता धूर कुठाय? बुजवा. खाली फॉल्स सीलिंग, निळे दिवे, एसी. मराठवाड्यातल्या मे महिन्यात गरम हवा फुकटात वर काढणारी सोय बंद करून विजेचं बिल भरण्यात वेगळीच शान आहे.

मग रुळांमधले खड्डे. माणूस त्यात उतरून इंजिनाच्या पोटाखाली बोल्ट आवळायचा. फरशी टाकून सपाट करा, नाहीतर उद्घाटनाच्या खुर्च्या कुठं मांडणार? रूळही उचला. निजामाची लाईन 1900 मध्ये औरंगाबादला पोचली ती मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. 1911 मध्ये लातूरला आलेली बार्शी लाईट रेल्वे त्याहून अरुंद, अवघी अडीच फुटांची. पोरांनी हे अंतर पावलांनी मोजलं, तर कुर्डुवाडीला बार्शी लाईटच्या डब्यातला माल उतरवून रुंद ब्रॉडगेजच्या डब्यात का भरावा लागायचा, ते त्यांना न शिकवता कळेल. नको ती भानगड. त्यापेक्षा फ्लेक्स लावा: ‘आपला वैभवशाली वारसा’. वर चाळीस चेहरे, खाली एक इंजिन. ते दार्जिलिंगचं असलं तरी कोण बघतंय!

अमेरिकेतल्या बाल्टिमोरची माणसं भोळी. त्यांनी 1884 ची गोल शेड घेतली, मधली, इंजिन वळवायची फिरती चकती तशीच ठेवली आणि भोवती इंजिनं उभी केली. कारंजं बसवायला इतका आयता गोल खड्डा, आणि वाया घालवला!

राहिली पाण्याची टाकी. वाफेचं इंजिन म्हणजे कोळशाइतकीच पाण्याची भूक. ही टाकी मात्र ताबडतोब भंगारात काढा. नाहीतर एखादं आगाऊ पोरगं विचारेल, की तेव्हा गाव रेल्वेला पाणी पाजायचं, तर 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी का आणावं लागलं? आणि फायरमनकाका चहाचा कप खाली ठेवून सांगायला लागतील.

टाकीच्या जागी सेल्फी पॉइंट छान दिसेल.