फॅन फिरतायत पण स्क्रीन काळी, म्हणजे बोर्ड गेला? त्या फॉरवर्डला उत्तर

पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, नवीन पीसी जोडला आणि डिस्प्ले आला नाही तर काय करायचं त्याचा. त्यात ठासून सांगितलंय की फॅन फिरतायत म्हणजे पॉवर ओके, गोव्याच्या खाऱ्या दमट हवेनं बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर सगळे पार्ट बसतात तो) शॉर्ट होतो म्हणून तो रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा, रॅम खोडरबरानं घासा, मिनिटभरात डिस्प्ले नाही आला तर बंद करून बोर्डावरचा गोल सेल काढा आणि येईपर्यंत हेच करत राहा, तरी नाही आला तर बोर्ड डेड, परत पाठवा. खाली अर्थातच 'सर्वांना पाठवा'. चवथीच्या सुट्टीत मुलाला पीसी जोडून देणारी माणसं हे खरंच करतायत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'फॅन फिरतायत म्हणजे पॉवर ओके.' सगळ्यात जास्त घात याच वाक्यानं होतो. फॅनना आणि त्या रंगीत लायटींना वीज मिळते २४ पिनच्या मोठ्या कनेक्टरमधून, प्रोसेसरला मात्र वेगळा ८ पिनचा कनेक्टर लागतो, बहुतेक बोर्डांवर वरच्या डाव्या कोपऱ्यात, प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या जवळ. तो राहिला की मशीन झगमगतं, फॅन गरगरतात आणि प्रोसेसर ढिम्म. आणि तो राहतोच, कारण बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला की त्या कोपऱ्यात बोटं जात नाहीत, कूलर आणि वरचा फॅन आडवा येतो, मग माणूस म्हणतो नंतर लावू आणि विसरतो. काही जण त्याहून पुढचे, ग्राफिक्स कार्डाची ८ पिनची वायर तिथे कोंबायला बघतात. दिसायला सेम असते पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू बरोब्बर उलट्या, म्हणून तर खाचांचे आकार वेगळे ठेवलेत, जोर लावावा लागतोय म्हणजे वायरच चुकीची आहे असं समजा. ओळखायची खूण सोपी आहे, प्रोसेसरची वायर ४+४ अशी सुटी होते आणि ग्राफिक्सची ६+२ अशी, पुष्कळदा कनेक्टरवर बारीक अक्षरात 'सीपीयू' छापलेलंही असतं, टॉर्च मारून वाचा. नीट बसली की क्लिप दातावर अडकल्याचा 'टक' आवाज येतो, तो आला नाही तर काढून परत लावा. आणि हो, जुन्या मॉड्युलर (वायरी काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, सुट्या वायरी नव्यात वापरू नका, सप्लायच्या बाजूची पिनांची रचना कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते, त्यात चांगले पार्ट जळतात.

फॅनसुद्धा फिरत नसतील तर आधी एसएमपीएसच्या मागचा स्विच बघा (हसू नका), मग पॉवर बटणाची वायर. ती वायर बोर्डाच्या ज्या दोन पिनांवर बसते त्यांना एकदम स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं आणि मशीन चालू झालं तर बोर्ड ठीक आहे, बटण किंवा त्याची वायर चुकलीय.

आता खारी हवा. मिरामार, कळंगुट, कोलवा, समुद्राजवळ राहणाऱ्यांच्या जुन्या मशीनला गंज धरतो, कनेक्टर हिरवट होतात, हे खोटं नाही. पण त्याला महिने, वर्षं लागतात. अँटिस्टॅटिक पिशवीतून सकाळी काढलेला बोर्ड संध्याकाळपर्यंत हवेनं शॉर्ट होत नाही, जुलै महिना असला तरी नाही. एकच गोष्ट सांभाळायची, एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून थंडगार पार्ट दमट खोलीत आणले तर त्यावर बाष्प धरू शकतं, म्हणून बॉक्स न उघडता थोडा वेळ तसाच राहू द्या. आणि तांदूळ? बोर्ड म्हणजे काय पापड आहे डब्यात भरून ठेवायला? तांदळाचा भुगा सॉकेटात आणि स्लॉटात जातो, तिथल्या पिना केसाएवढ्या नाजूक, एक दाणा काढताना दोन पिना वाकतील. नवीन बोर्ड शॉर्ट होतोच तेव्हा कारण बऱ्याचदा कॅबिनेटमध्ये सापडतं, बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खुंट) राहून गेलेला असतो आणि तो मागच्या सोल्डरला टेकतो. संशय असेल तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवून बघा. चंदेरी पिशवीवर नको, तिच्या पृष्ठभागातून वीज वाहू शकते.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात म्हणून बोर्ड शॉर्ट आहे असंही याच मेसेजच्या जोरावर सांगणारे भेटतात. तो बहुतेक वेळा अर्थिंगचा प्रश्न असतो. जुन्या घरांत भिंतीतला सॉकेट तीन पिनचा दिसतो पण आत अर्थची वायर जोडलेलीच नसते, मग एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारी थोडी वीज पत्र्यावर येऊन बसते. वायरमनला बोलवा, ते करायलाच हवं, पण डिस्प्ले न येण्याशी त्याचा सहसा संबंध नाही.

खोडरबर हा जुन्या, काळवंडलेल्या रॅमचा उपाय, नव्या कोऱ्या रॅमला कशाला? ती नीट बसलीय का तेवढं बघा. हल्ली बऱ्याच बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट राहिलेली कळतच नाही, दोन्ही टोकांवर अंगठ्यानं दाबा. चार स्लॉट असतील आणि रॅम एकच असेल तर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटात, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या, मॅन्युअलमध्ये चित्र असतं.

'मिनिटभरात नाही आला तर बंद करा.' हा सल्ला देणाऱ्यानं डीडीआर५ची (नव्या पिढीच्या रॅमची) मशीन जोडलेली नसावी. एएमडीचा रायझन ७००० प्रोसेसर आला २०२२ साली, त्याच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डांवर फक्त डीडीआर५ चालते, आणि पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमचे टायमिंग जुळवून बघत बसतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. काही मिनिटं जातात, रॅम जास्त असेल तर आणखी. तोवर स्क्रीन काळी, बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला छोटा दिवा पेटलेला, मशीन मध्येच आपोआप रिस्टार्टही होतं, आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा. इथे तुम्ही बंद केलं की ट्रेनिंग अर्धवट, आणि सेल काढला की साठवलेलं सगळं पुसलं, परत पहिल्यापासून सुरू. म्हणजे मेसेजातला उपाय प्रामाणिकपणे करणाऱ्याला डिस्प्ले कधी दिसणारच नाही! चालू करा, पंधरा मिनिटं हात लावू नका, चहा घेऊन या. वीज जायची शक्यता असेल तर यूपीएसवर लावा.

डीरॅमच्या दिव्यासारखे बोर्डावरचे हे दिवे मेसेजात कुठेच नाहीत याचंच मला नवल वाटतं. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) असे चार असतात, अडलंय तिथला दिवा पेटून राहतो. बूटवर अडलं असेल आणि डिस्क कोरी असेल तर तो बिघाडच नाही, विंडोज टाकायचं बाकी आहे इतकंच.

राहिलं 'बोर्ड डेड, परत पाठवा'. त्याआधी एचडीएमआयची केबल कुठे लावलीय ते बघा. इंटेलच्या १२४००एफसारख्या शेवटी 'एफ' असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, केबल बोर्डाला लावली तर स्क्रीन काळीच राहणार, ती ग्राफिक्स कार्डाला हवी. मग बायॉस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर. इंटेलचे बी६६० बोर्ड १२व्या पिढीबरोबर आले, त्यावर १३व्या पिढीचा प्रोसेसर टाकायचा तर बायॉस नवीन लागतो, तसंच एएमडीच्या बी४५०वर रायझन ५००० आणि बी६५०वर रायझन ९०००. दुकानात पडून राहिलेला बोर्ड मिळाला की बायॉस जुना निघतो आणि बोर्ड धडधाकट असून डिस्प्ले देत नाही. बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं (बायॉस बदलायचं) बटण असेल तर एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून प्रोसेसर न ओळखताही अपडेट होतं, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसंच ठेवायचं आणि दिवा लुकलुकत असताना हात लावायचा नाही.

एवढं करूनही बूट झालं नाही तर बोर्ड खुशाल परत करा, फक्त सॉकेटाच्या पिनांचे जवळून स्पष्ट फोटो काढून ठेवा, कारण पिन वाकलेली निघाली की वॉरंटी नाकारतात आणि ती कुरिअरमध्ये वाकली की तुमच्या हातून यावर वाद घालत बसावं लागतं. आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण लावूनच पाठवा, प्रोसेसर बसवताना उडून कॉटखाली गेलं असेल तर आधी ते शोधा.