थ्रेडिंगसाठी ७५० तास: ‘अमेरिकेसारखं सक्तीचं लायसन्स आणा’ या मागणीला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. त्याचा सारांश असा: अमेरिकेत केस कापणाऱ्यापासून फुलं विकणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला राज्य सरकारचं लायसन्स लागतं, म्हणून तिथलं काम चोख असतं आणि ग्राहक फसत नाही. लायसन्स कुणाला द्यायचं ते त्या क्षेत्रातले तज्ज्ञ ठरवतात. आपल्याकडे मात्र कुणीही उठतो आणि पार्लर थाटतो. तेव्हा महाराष्ट्रातही अशीच सक्ती करा. ज्याला काम येतं त्याला लायसन्सची भीती कशाला?

हा मजकूर पाठवणाऱ्यांचा हेतू मला वाईट वाटत नाही. ब्लीचने चेहरा भाजलेली बाई किंवा कच्च्या वायरिंगमुळे लागलेली आग पाहिली की कुणालाही वाटेल, सरकारने यात लक्ष घालावं. पण ज्या अमेरिकेचा दाखला दिला जातो, तिथेच गेली कित्येक वर्षं ही लायसन्सं कमी करण्याची धडपड चालू आहे. ती का, हे या मजकुरात नाही.

“प्रत्येकाला लायसन्स लागतं.”

नाही लागत. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या दर शंभर कामगारांपैकी पाचांहून कमी जणांना राज्याचं लायसन्स लागायचं. २००८ पर्यंत हे प्रमाण पंचवीसच्या वर गेलं. म्हणजे ही फार जुनी परंपरा नाही, दोन-तीन पिढ्यांत वाढत गेलेली गोष्ट आहे. शिवाय प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. फुलांचं उदाहरण मजकुरात मोठ्या कौतुकाने दिलं आहे, पण फुलवाल्यांना लायसन्सची सक्ती करणारं राज्य एकच होतं, लुइझियाना. तिथे २०१० पर्यंत उमेदवाराला प्रत्यक्ष पुष्परचना करून दाखवावी लागे, आणि ती तपासणारे असत आधीच लायसन्स मिळवून बसलेले फुलवाले. उरलेल्या ४९ राज्यांत लायसन्सशिवाय गुच्छ विकले जात होते. त्यांनी कुणाचं काय बिघडवलं?

“म्हणून काम चोख असतं.”

सगळ्या मजकुराचा डोलारा या वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

थ्रेडिंग म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको. साधा सुती दोरा, दोन हात, दातात एक टोक आणि सराव. गल्लीतल्या पार्लरमधली मुलगी ते ताईंच्या शेजारी बसून शिकते. हीच कला भारतीय उपखंडातल्या लोकांबरोबर टेक्सासला पोचली आणि मॉलमधल्या छोट्या स्टॉलवर भुवया कोरून कितीतरी जणी संसाराला हातभार लावू लागल्या. मग राज्याच्या लायसन्स खात्याने सांगितलं की हे ‘त्वचा-सौंदर्य’ तज्ज्ञाचं काम आहे, त्यासाठी मान्यताप्राप्त शाळेत ७५० तासांचं शिक्षण हवं. खर्च साधारण साडेतीन हजार ते नऊ हजार डॉलर. बहुतेक शाळांत थ्रेडिंग शिकवतच नव्हते आणि लायसन्सच्या परीक्षेत थ्रेडिंगची चाचणीही नव्हती. म्हणजे वर्षानुवर्षं भुवया कोरणाऱ्या बाईने कर्ज काढून फेशियल आणि वॅक्सिंग शिकायचं, तेव्हा कुठे तिला दोऱ्याला हात लावायची परवानगी.

काही थ्रेडिंग करणारे २००९ मध्ये कोर्टात गेले. २६ जून २०१५ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. ७५० पैकी निदान ३२० तासांचा थ्रेडिंगच्या सुरक्षिततेशी किंवा स्वच्छतेशी संबंध नाही आणि एवढा बोजा लादणं जुलमाचं आहे, असं बहुमताने म्हटलं. विरोधी तीन न्यायमूर्तींचं म्हणणं असं की नियमांची छाटणी विधिमंडळाने करावी, कोर्टाने नव्हे. हा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. पण हे तास दर्जासाठी आवश्यक होते, हे त्यातून सिद्ध होत नाही.

एकच खटला दाखवून मी राज्य जिंकू पाहते असं कुणी म्हणेल, म्हणून दुसरा पुरावा. जुलै २०१५ मध्ये ओबामा यांच्या व्हाइट हाउसने व्यावसायिक लायसन्सवर अहवाल काढला. लायसन्स कडक केल्याने कामाचा दर्जा सुधारतो का, हे तपासणारे १२ अभ्यास त्यात पाहिले होते. दर्जा सुधारल्याचं फक्त दोनांत आढळलं. दर्जा मोजणं अवघड असतं, हेही अहवालाने प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. किमतींवर परिणाम तपासणाऱ्या ११ अभ्यासांपैकी नऊंमध्ये मात्र दर वाढलेले दिसले. ओबामांनंतर आलेल्या ट्रम्प सरकारनेही याच दिशेने पावलं टाकली. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन पक्षांचं यावर एकमत होतं, म्हणून ‘लायसन्स कमी करणं हा बड्या भांडवलदारांचा डाव’ हा आरोप मला पटत नाही. यात भरडली जाते ती एकटीने काम करणारी, भांडवल नसलेली व्यक्ती.

वेण्या घालणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांचंच बघा. मिसिसिपीने २००५ मध्ये त्यांची लायसन्सची अट काढली. २५ डॉलर भरून नोंदणी करायची आणि स्वच्छतेच्या नियमांची स्वतःच सोडवायची चाचणी द्यायची, बस. शेजारच्या लुइझियानात ५०० तासांची अट राहिली. २०१२ साली मिसिसिपीत बाराशेहून जास्त नोंदणीकृत वेणीकार होत्या, लुइझियानात ३२. ही मोजणी इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस या संस्थेची आहे. ती अशा अटींविरुद्ध खटले लढवते, तेव्हा तिची बाजू उघड आहे. पण हा आकडा दोन्ही राज्यांच्या नोंदींवर आधारलेला आहे.

“तज्ज्ञांचं मंडळ ठरवतं, म्हणजे ग्राहकाच्या हिताचंच असणार.”

उत्तर कॅरोलिनाच्या दंतवैद्यक मंडळावर आठ सदस्य होते. सहा दंतवैद्य, एक दंत-स्वच्छता तज्ज्ञ आणि ग्राहकांचा प्रतिनिधी एकच. मॉलमध्ये आणि ब्युटी सलूनमध्ये दात पांढरे करून देणारे लोक दंतवैद्यांपेक्षा स्वस्तात काम करू लागले, तेव्हा या मंडळाने ‘धंदा बंद करा’ अशी निदान ४७ पत्रं धाडली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१५ मध्ये निकाल लागला: मंडळाची सूत्रं त्याच धंद्यातल्या लोकांच्या हातात असतील आणि त्यांच्यावर राज्याची प्रत्यक्ष देखरेख नसेल, तर स्पर्धा मारण्याविरुद्धचे कायदे मंडळालाही लागू होतात.

लुइझियानातल्या सेंट जोसेफ मठाची गोष्ट तर मला फार लागली. तिथले साधू सायप्रसच्या लाकडाच्या साध्या शवपेट्या बनवून विकायला लागले. राज्याच्या मंडळाने त्यांना अडवलं, कारण शवपेटी विकायची तर अंत्यविधी-संचालकाचं लायसन्स हवं. त्यासाठी उमेदवारी करा, मृतदेहावर प्रक्रिया करायची खोली बांधा. ज्या राज्यात दफनासाठी शवपेटीचीच कायद्याने सक्ती नाही, तिथे ही अट होती! २०१३ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने साधूंना न्याय दिला आणि एका गटाचा धंदा सांभाळणं हे कायद्याचं रास्त प्रयोजन नव्हे, असं सुनावलं.

“काम येत असेल तर लायसन्सची भीती कशाला?”

कारण बरीच लायसन्सं राज्याच्या सीमेवर संपतात. पंधरा वर्षं काम केलेली शिक्षिका नवऱ्याच्या बदलीमुळे दुसऱ्या राज्यात गेली, की अर्ज, फी आणि कधीकधी परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. सैनिकांच्या बायकांना हे दर दोन-तीन वर्षांनी सोसावं लागे. अ‍ॅरिझोनाने २०१९ मध्ये सर्वांत आधी कायदा केला की दुसऱ्या राज्यात निदान वर्षभर निष्कलंक लायसन्स असलेल्या रहिवाशाची पात्रता आम्ही मान्य करू. पाठोपाठ अनेक राज्यांनी तेच केलं. तिकडे गेलेल्या आपल्या दंतवैद्यांना विचारा. इथे वर्षानुवर्षं दवाखाना चालवूनही बहुतेकांना तिथे पुन्हा दोन-तीन वर्षं कॉलेजात बसावं लागतं. त्यांना काम येत नव्हतं का?

“सक्ती काढली तर अनागोंदी माजेल.”

शल्यविशारदाचं किंवा भूल देणाऱ्या डॉक्टरचं लायसन्स काढा, असं कुणी शहाणा माणूस म्हणत नाही. मीही म्हणत नाही. चूक झाली तर जीव जाईल आणि ग्राहकाला ती आधी ओळखता येणार नाही, तिथे लायसन्स हवंच. पण त्याच्या अलीकडे बऱ्याच पायऱ्या आहेत: साधी नोंदणी, अचानक होणारी स्वच्छता तपासणी, विमा, ऐच्छिक प्रमाणपत्र. न्यूयॉर्क शहरात हॉटेलच्या प्रत्येक आचाऱ्याला लायसन्स घ्यावं लागत नाही, पण स्वयंपाकघराची तपासणी होते आणि २०१० पासून तिचा निकाल दर्शनी भागात अक्षराने लावावा लागतो. आत जाण्याआधीच ग्राहकाला कळतं. कोलोरॅडोत १९७६ पासून लायसन्स मंडळांना मुदत असते. ती संपताना मंडळाची गरज पुन्हा सिद्ध करावी लागते, नाहीतर ते बंद होऊ शकतं. नियम करताना तो कधी तपासायचा हेही लिहून ठेवावं, ही पद्धत आपण खुशाल उचलावी.

आता महाराष्ट्र. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा उलट दिशेने गेला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला जुन्या पद्धतीच्या नोंदणीऐवजी ऑनलाइन सूचना देणं पुरेसं ठरलं. गुमास्ता परवान्यासाठी माराव्या लागणाऱ्या खेपा ज्यांना आठवत असतील, त्यांना याची किंमत कळेल. आता त्याच छोट्या पार्लरवर ७५० तासांची सक्ती लादली, तर मोठ्या साखळी सलूनला काही फरक पडणार नाही. त्यांच्याकडे फी भरायला पैसे आणि कागद सांभाळायला माणसं आहेत. बंद होईल ते घराच्या पुढच्या खोलीत आरसा आणि खुर्ची लावून चालणारं पार्लर. किंवा ते बंद न होता चोरून चालेल, आणि दर महिन्याला कुणाचा तरी हप्ता त्यातून निघेल.

चेहरा भाजलेल्या बाईला दाद मिळायलाच हवी. ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष सेवेबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तो निकाल लवकर लागावा यासाठी आपण भांडू. ज्यांना शिकायचं आहे त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स आहे. त्याच्या जागा वाढवा, संध्याकाळच्या बॅचेस काढा, कोर्स केलेलीला प्रमाणपत्र भिंतीवर लावू द्या. ते पाहून कुणाकडे जायचं हे ग्राहकाने ठरवावं. ज्या बाईला वर्षभर कमाई सोडून वर्गात बसणं परवडत नाही, तिच्या हातातला दोरा मात्र सरकारने काढून घेऊ नये.