काका, तुमी बॉट हाय का?

काल रात्री साडेअकरा वाजता एका अकरा वर्षांच्या पोराने मला विचारलं, "काका, तुमी बॉट हाय का?"

ज्यांना यातला अपमान कळला नाही त्यांच्यासाठी सांगतो, बॉट म्हणजे गेममधला खोटा माणूस. खालच्या टियरमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, लॉबी (एका मॅचला जमलेली सगळी माणसं) भरायला सोडतात ते. बॉट सरळ रेषेत पळतो, मोकळ्या मैदानात मध्येच थांबतो, आणि गोळी लागली की कुठून आली हे बघत तिथेच उभा राहतो. मी काल नेमकं हेच केलं होतं, मान्य. पण मी विचार करत होतो. विचार करणारा माणूस लांबून बॉटसारखा दिसतो त्याला माझा इलाज नाही.

गेमचं नाव घेत नाही. चौघांची टीम, शंभर जण विमानातून उड्या टाकतात, शेवटी उरेल त्याचं चिकन डिनर, तसलाच आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाच्याने पबजी शिकवलं, सप्टेंबरात सरकारने ११८ अ‍ॅप बंद केली त्यात ते गेलं, सवय मात्र गेली नाही, म्हणून हा दुसरा धरला. पहिल्याच आठवड्यात एका मॅचमध्ये चौदा जण मारले आणि स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला. भाच्याने सगळ्यांसमोर लिहिलं, "मामा, यातले बारा बॉट आहेत." त्यावर आईने नमस्काराची इमोजी टाकली. कुणाला टाकली ते अजून कळलेलं नाही.

तर मी इतकी वर्षं गोल्ड-प्लॅटिनम या मधल्या पायऱ्यांवर सुखात होतो. घोळ रविवारी झाला. एका घराच्या बाथरूममध्ये मी शेवटपर्यंत दार लावून बसलो, बाहेर माझ्या टीममधल्या तिघांनी काय पराक्रम केला माहीत नाही, मी बाहेर आलो तेव्हा आम्ही जिंकलेलो होतो आणि मी वरच्या पायरीवर, डायमंड झालो. तेव्हापासून, कोणाला कोणाबरोबर खेळवायचं हे ठरवणाऱ्या सिस्टिमचा समज झालाय की मी अर्जुन आहे. आता माझ्या लॉबीत अशी माणसं येतात की जी पॅराशूटमधून उतरता उतरता माझ्याकडे बघतात. पायात बूट घालेपर्यंत मला तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी नॉक करतं (म्हणजे अर्धमेला पाडतं, टीममधल्याने येऊन उठवलं तर वाचतो), आणि ते पोरगं कुठल्यातरी कोचिंग क्लासच्या मागच्या बाकावरून खेळत असणार याची मला खात्री आहे.

कालच्या टीममध्ये चौघे. एक मी. एक हिंदीवाला, तो फक्त "भाई, कवर दे" एवढंच बोलायचा. एकाच्या माइकवरून नुसता पंख्याचा आवाज. आणि चौथा वाघ्या०७, म्हणजे वरचा प्रश्न विचारणारा. त्याचा माइक कायम चालू. मागे कुकर, कुत्रं, टीव्हीवर कोणीतरी सुनेला घराबाहेर काढत होतं, सगळं ऐकू येत होतं. मराठी ऐकून मला बरं वाटलं, मी म्हटलं, "अरे, मराठी का? कुठला तू?" तर म्हणाला, "काका, आधी पळा."

मी पळालो नाही (विचार करत होतो). नॉक झालो आणि झाडामागे रांगायला लागलो. तेवढ्यात त्याच्या मागून एक म्हातारा आवाज आला.

"कोन गेलं रं?"

"काका गेलं, आजी."

"कुठलं काका?"

"आमच्या टीममदलं."

"आरं द्येवा. कवा?"

"आत्ताच. डोस्क्यात गोळी लागली."

"आन तू हसतूस व्हय रं मुडद्या?"

"थांब की, उठिवतो त्यास्नी."

"मेल्यालं मानूस कसं उठिवतोस?"

"धा सेकंद लागत्यात."

यानंतर जे झालं ते असं की पोरगं खरंच आलं, माझ्याशेजारी गुडघ्यावर बसून मला रिव्हाइव्ह करायला लागलं, आणि आजीने बहुतेक फोनच हातात घेतला, कारण एकदम माझ्या कानात, अगदी इअरफोनच्या आतून आवाज आला, "आवं, जित्तं हाय का?"

मी म्हटलं, "हो आजी, आहे."

"जेवला का?"

आता बघा, सहा वर्षं मी या सर्व्हरवर हजारो माणसांबरोबर खेळलोय. मला नूब म्हटलंय, नल्ला म्हटलंय, आईबहिणीवरून तर रोज काढलंय. जेवला का हे पहिल्यांदा विचारलं गेलं. मी भरल्या गळ्याने म्हटलं, "हो, झालं." खरं तर झालं नव्हतं, दोन मॅच टाकून मग जेवू म्हणून बसलो होतो.

"कुठलं म्हनायचं तुमी?"

"डोंबिवली."

"डोंबिवली ऱ्हायाला. गाव कुठलं?"

"रहिमतपूर."

"आगं बया! रहिमतपुरात कुनाचं?"

मी आडनाव सांगितलं. पलीकडे शांतता. लांब कुठेतरी एम-फोर बंदूक वाजत होती. आजी आठवत होत्या. पोरगं मागून ओरडायला लागलं, "आजी, फोन दे, झोन यायला लागलाय!" (झोन म्हणजे मैदान लहान करत येणारं वर्तुळ, त्याच्या बाहेर राहिलात की मेलात.)

"यीना का. च्या टाकते."

हिंदीवाला इतक्या वेळाने पहिल्यांदा नवीन वाक्य बोलला, "दादी को माइक किसने दिया बे?" पंखेवाला हसला. म्हणजे पंख्यामागे माणूस होता.

इथपर्यंत सगळं गोड होतं. मग आजींनी माझं वय विचारलं. चव्वेचाळीस. लग्न झालंय का. झालंय. पोरं किती. एक मुलगी. आणि मग आवाज बदलला. "आन ह्ये लेकरू अकरा वर्साचं. सकाळी सातला त्याची शाळा. घोड्यायेवढं झालासा, रात्रीचं दुसऱ्याच्या पोराला खेळवत बसायला लाज वाटत न्हाई?"

मी म्हटलं, "आजी, मी नाही बोलावलं त्याला. आमची ओळखपण नाही. आम्हाला सिस्टिमने जोडलंय."

"कोन सिस्टिम? द्या त्याच्याकडं फोन."

मला यावर उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. मी रात्री दीड वाजेपर्यंत नेटवर हीच सिस्टिम शोधत बसलो होतो, द्यायचा तर कुणाला द्यायचा फोन.

सुरुवात म्हणे बुद्धिबळापासून. आर्पाड एलो नावाचे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत मिलवॉकीत फिजिक्स शिकवणारे प्रोफेसर होते. त्यांनी खेळाडूला आकडा द्यायची पद्धत बसवली, ती अमेरिकन फेडरेशनने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये घेतली. बुद्धिबळात ठीक आहे, दोनच माणसं, हरलात तर तुम्हीच हरलात. चौघांच्या टीममध्ये कोणामुळे हरलो हे कसं काढायचं? तर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यांच्या एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रासाठी ट्रूस्किल म्हणून काढलं, त्यात प्रत्येकाचे दोन आकडे ठेवतात, एक तुम्ही किती चांगले आहात आणि दुसरा त्याबद्दल सिस्टिमला किती शंका आहे. हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं. माझ्याबद्दल शंका आहे म्हणजे आशा आहे. पुढच्याच ओळीत होतं की जितके सामने जास्त तितकी शंका कमी होत जाते. म्हणजे मी सहा वर्षं रोज रात्री जागून स्वतःविरुद्ध पुरावे जमा करून दिलेत.

आणि मला शिव्या घालायच्या होत्या हो या मॅचमेकिंगला, म्हणजे या जोड्या लावण्याला, सगळे मोठे स्ट्रीमर (स्वतःचा खेळ नेटवर लाइव्ह दाखवणारे) घालतात तशा. पण तेही नीट जमेना, कारण २०२४ मध्ये कॉल ऑफ ड्यूटी या गेमवाल्यांनी एक लांबलचक पेपर काढला, त्यात म्हणे काही खेळाडूंसाठी जोड्या लावताना कौशल्याचं वजन कमी करून बघितलं, तर सगळ्यात वरचे दहा टक्के खूश, बाकीच्या नव्वद टक्क्यांत परत खेळायला येणाऱ्यांचं प्रमाण घटलं. म्हणजे सिस्टिम माझ्यासारख्यांना वाचवायलाच आहे. स्ट्रीमर रडतात ते त्यांना मारायला मी मिळत नाही म्हणून. आता स्वतःच्या रक्षणकर्त्यावर चिडायचं कसं? पण मला चीड येतेच. त्या पोराचा खेळ माझ्या दसपट चांगला होता, मग तो आणि मी एका टीममध्ये कसे? मला संशय आहे की चौघांची सरासरी जमवायला मला टाकतात. वाणी तराजूचा धडा करताना हलक्या बाजूला खडा टाकतो ना, तो खडा म्हणजे मी. खड्याला कोण विचारतं तुला कुठल्या पारड्यात बसायचंय.

आमच्याकडे लहानपणी, म्हणजे मे महिन्यात रहिमतपूरला गेलो की, टीम कशा पाडायचे आठवतंय? दोन कॅप्टन उभे. बाकीची पोरं सारख्याला सारखं बघून जोड्या करायची, लांब जाऊन कानात नावं ठरवायची, खांद्यावर हात टाकून परत यायची, "सूर्य पाहिजे का चंद्र?" कॅप्टनने मागितलं ते पोरगं त्याच्याकडे. एलो नाही, मायक्रोसॉफ्ट नाही, टीम सारख्या. आणि अगदीच लहान असला तर कच्चा लिंबू, दोन्हीकडून खेळणार, आउट झाला तरी आउट नाही.

उगाच गोडवे गात नाही. माझी जोडी दरवर्षी एकाच पोराशी लागायची, त्याला जाड भिंगाचा चष्मा होता आणि तो बॉल आला की डोळे मिटायचा, आणि आपली जोडी का लागते हे आम्हा दोघांनाही चांगलं माहीत होतं. एका मे महिन्यात तर मी नऊ वर्षांचा घोडा असताना मला कच्चा लिंबू ठरवला, मी घरी जाऊन रडलो. तेही लागलंच होतं. फक्त तेव्हा लिंबू कोणी ठरवलं ते समोर दिसत होतं, त्याच्या सायकलची हवा सोडता आली. इथे कुणाची सोडू?

असो. मॅचचं सांगायचं राहिलं. आजी बोलत असताना झोन आला आणि पोरगं फोन हातात नसल्यामुळे जागच्या जागी गेलं. मी आजींशी बोलत असल्यामुळे गेलो. पंखेवाला केव्हा गेला कळलं नाही. हिंदीवाला एकटा लढून सतराव्या नंबरवर मेला आणि मरताना माझं नाव घेऊन जे बोलला ते आजींनी ऐकलं असावं, कारण "हा कोन गटारतोंड्या?" एवढं ऐकू आलं आणि लाइन बंद.

आज सकाळी गेम उघडला तर माझे पॉइंट गेलेले, मी परत प्लॅटिनमला, वर वागणुकीचे पाच मार्क कापलेत, कोणीतरी रिपोर्ट केलंय. कारण लिहिलंय, टीमला अडथळा. मलाही उलट रिपोर्ट करायचा होता, पर्याय बघितले, चीटिंग, शिवीगाळ, न खेळता उभं राहणे. शेवटचा वाचून मी गप्प बंद केलं.

खाली वाघ्या०७ ची फ्रेंड रिक्वेस्ट होती, बरोबर मेसेज, "काका आजी इचारतीया रहिमतपुरात एस्टी स्टँडमागं ज्यांचं किराणा दुकान हुतं त्यांचं तुमी कोन, आन रविवारी दुपारी खेळा म्हनली, रात्री न्हाई."

अजून उत्तर दिलेलं नाही. आधी आईला फोन करून विचारावं लागेल.